गल्लीत तीन घरं बंद, आम्ही एका खोलीत पाच जण

सोलापुरात पूर्व भागात राहते. सासूबाई विड्या वळतात, मी शिलाईला जाते. भाडं २५०० रुपये. मुलगी दहावीला आहे, जिन्यात बसून अभ्यास करते. आणि समोरच तीन घरांना वर्षानुवर्षं कुलूप! एका मालकांना फोन केला, तर म्हणाले, "एकदा भाडेकरू बसला की उठत नाही." अशी घरं गरजूंना मिळायला काही मार्ग आहे का?

उत्तर १
ताई, ही भीती जुन्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन जवळपास कायमचं भाडेकरू व्हायच्या) काळातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची) मुदत संपली की जागा सोडावीच लागते. नाही सोडली तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. करार मात्र नोंदणीकृत हवा. मालकांना हे सांगून बघा.

उत्तर २
केंद्राने २०२० मध्ये रिकामी सरकारी घरकुलं २५ वर्षं भाड्याने चालवायची योजना काढली होती. चंदीगड, सुरतमध्ये तशी घरं दिली गेली. खासगी बंद घरं त्यात येत नाहीत, तिथंच घोडं अडतं. तुम्ही कुंभारीच्या रे नगरमध्ये अर्ज केला नव्हता का? ३०,००० घरांचा प्रकल्प आहे. पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये दिली.

मूळ प्रश्नकर्ती
तेव्हा पहिला हप्ता भरायला पैसे नव्हते हो. नणंदेला मिळालं, तिचं पाहून फार बरं वाटतं. कलम २४ वहीत लिहून घेतलंय. रविवारी मालक गावी येणार आहेत, सासूबाईंना घेऊनच जाते.