शिकमीदार म्हणजे पोटकूळ का? (निजामकाळातले महसुली शब्द)

गोदाकाठ
जुने महसुली कागद शेतकऱ्याला स्वतःला वाचता यावेत म्हणून एक हातपुस्तिका जुळवतोय. मराठवाड्यापुरतीच: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, 38-ई चं (संरक्षित कुळाला मालकी मिळाल्याचं) प्रमाणपत्र, इनामाचा मुंतखब. शब्दार्थाच्या पानावर गाडी अडली. 'शिकमीदार' पुढे 'पोटकूळ' टाकलं होतं. मसुदा तपासणाऱ्या वकिलांनी त्यावर रेघ मारून शेजारी 'हा मालकीतला माणूस' एवढंच लिहिलंय. हिंदीत तर शिकमी काश्तकार म्हणजे सरळसरळ पोटकूळ. कुणाचं धरायचं?

बालाघाटी
वकिलांचं धरा. हिंदीचा अर्थ उत्तरेकडच्या कायद्यांतून आलाय, आपल्याकडे तो लागू नाही. 1317 फसलीच्या (फसली म्हणजे निजामकाळातलं महसुली साल) हैदराबाद जमीन महसूल कायद्यात तीन माणसं वेगवेगळी सांगितली आहेत. सरकारी दप्तरात ज्याचं नाव आणि शेतसारा भरायची जबाबदारी ज्याच्यावर, तो पट्टेदार. पट्टेदारासारखाच जमिनीवर हक्क असलेला, किंवा पहिल्यापासून त्याच्यासोबत कब्जात असलेला, किंवा कायद्याच्या आधीच कराराने कायमचा कब्जा मिळवलेला, तो शिकमीदार. आणि या दोघांपैकी कुणाकडूनही खंड ठरवून जमीन कसायला घेणारा, तो असामी शिकमी.
तीन भावांची जमीन, पट्टा थोरल्याच्या नावे, धाकटे दोघं आपापला तुकडा कसतायत. ते दोघं शिकमीदार. त्यांच्यातल्या एकाने आपला तुकडा गावातल्या चौथ्याला खंडाने दिला, तर तो चौथा असामी शिकमी.

दस्तवाचक
यात नुसता शब्दाचा फरक नाही. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यात 'कूळ' ची व्याख्याच 'भाडेपट्ट्याने जमीन धारण करणारा असामी शिकमी' अशी सुरू होते. शिकमीदार त्यात बसत नाही. पुस्तिकेत दोन्हीला पोटकूळ छापलं, तर धाकट्या भावाचे नातू कागदावर 'शिकमीदार' बघून कूळ म्हणून अर्ज करतील आणि समोरचा म्हणेल, बघा, आम्ही मालक हे यांनीच लिहून दिलं. वाटणीचा दावा करायचा सोडून माणूस भलत्याच दारात उभा राहील.

माय_मराठी
या निमित्ताने विचारतो, 2020 नंतर छापल्या जाणाऱ्या पुस्तिकेत शिकमीदार, असामी, मुंतखब हे सगळं कशाला? सहधारक, कूळ, निर्णयपत्र असे स्वच्छ शब्द आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना पर्याय दिले, त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. आपण अजून निजामाचं दप्तर डोक्यावर घेऊन फिरतोय.

बालाघाटी
दप्तर डोक्यावर नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे आणि नक्कल तिथूनच निघते. त्या नकलेत 'सहधारक' कुठेच सापडणार नाही. वाचायच्या पुस्तिकेत कागदावरचाच शब्द आधी यायला हवा, मग त्याचा अर्थ.
दुसरं, मुंतखबला 'निर्णयपत्र' म्हणणं अर्धवट आहे. इनामाची चौकशी होऊन वारस कोण, हिस्सा किती, इनाम कसलं, हे ठरल्यावर निघालेला तो निवडक उतारा. मूळ अरबी अर्थही 'निवडलेला' असाच. नुसतं निर्णयपत्र म्हटलं तर कोर्टाचा कुठलाही निकाल त्यात येईल.

तेरणाकाठ
शिकमीचं मूळ कुणी सांगितलं नाही अजून. फारसीत शिकम म्हणजे पोट. आपल्या पोटहिस्सा, पोटखराब, पोटकूळ यांतलं पोट आणि शिकमीतलं पोट एकच, एकाने दुसऱ्याचं भाषांतर केल्यासारखं. हैदराबाद संस्थानाच्या कागदांत 'शिकम तालाब' असाही शब्द येतो, म्हणजे तलावाच्या पोटातली, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन. तिथे शिकम दिसलं म्हणून कुणी कूळ शोधत बसू नये.
असामीची गंमत वेगळी. अरबीत इस्म म्हणजे नाव, त्याच्या अनेकवचनातून असामी. पोलिसांच्या पंचनाम्यातला 'सदर इसम' आणि कुळाच्या कागदातला 'असामी' चुलतभाऊ आहेत.

माय_मराठी
म्हणजे 'पोटकूळ' हाच अस्सल मराठी प्रतिशब्द ठरतो की! तुम्हीच माझी बाजू मांडताय.

तेरणाकाठ
व्युत्पत्तीने पोट निघालं म्हणून कायद्यात कूळ निघत नाही. पोटात कोण? पट्टेदाराच्या नावाच्या पोटात दडलेला हक्कदार. पोटहिस्सेदार म्हणा हवं तर, ते बरंच जवळ जातं.

दस्तवाचक
पोटहिस्सेदारही सांभाळून. मोजणी खात्याच्या भाषेत पोटहिस्सा म्हणजे नकाशावर वेगळा पाडलेला, नंबर मिळालेला तुकडा. शिकमीदाराचा तुकडा मोजून वेगळा झालेला असतोच असं नाही. 'सहहिस्सेदार (पट्ट्यावर नाव नसलेला)' एवढं लांब लिहिलं तरी चालेल, पान वाया जात नाही.

माय_मराठी
कंसातलं कंस. सामान्य माणसाला समजेल असं लिहा म्हटलं की तुम्ही टीपा वाढवता.

मांजराकाठ
सामान्य माणूस बोलतो तेही बघा ना. गावात कुणी असामी शिकमी म्हणत नाही. 'बटईनं केलंय' किंवा 'ठोक्यानं दिलंय' म्हणतात. बटईत पिकाचा वाटा, ठोक्यात आधी ठरलेली रक्कम, पीक येवो न येवो. पुण्याकडे त्यालाच वाट्यानं आणि खंडानं म्हणतील. पुस्तिकेत हे आपले शब्द हवेतच. खंड पैशात असो की धान्यात, कुळाचा हक्क त्यावर अडत नाही, आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. सालगडी मात्र यात धरू नका. तो मजुरीवर, त्याच्याकडे जमिनीचा भाडेपट्टा नाही.

गोदाकाठ
सालगडी वेगळा काढतो. शिकमीदारसाठी दस्तवाचक सरांचं वाक्य तात्पुरतं घेतलं. आता संरक्षित कुळाच्या कलमात फसली सालं तशीच ठेवायची की इसवी सन द्यायचं?

दस्तवाचक
दोन्ही. 1950 च्या कूळ कायद्यातल्या त्या कलम 34 चं गणित मुख्यतः फसलीवर चालतं. कूळ म्हणून जमीन कसलेली हवी: 1342 ते 1352 फसलीच्या आत सलग सहा वर्षं, किंवा 1 जानेवारी 1948 च्या लगेच आधीची सलग सहा वर्षं, किंवा 1353 फसलीच्या पहिल्या दिवसापासून पुढे, कायदा लागू होण्याआधी पुरी झालेली सहा वर्षं. तो पहिला दिवस म्हणजे 6 ऑक्टोबर 1943. याच्यावरून मेळ बसवायचा: फसलीत 590 मिळवा, आलं ते वर्ष सुरू झाल्याचं इसवी सन. महिना दिला असेल तर आजूर, दै, बहमन या पहिल्या तिनांना 590, इस्फंदारपासून पुढे 591. बहमनची अखेर जानेवारीत डोकावते, तेवढी तारीख हाताने तपासा.

बालाघाटी
यात नेहमीचा घोटाळा हिजरीचा. कागद उर्दूत, आकडा 1357, की लोक हिजरी समजतात. हिजरी 1357 म्हणजे 1938 चा मार्च ते 1939 चा फेब्रुवारी. फसली 1357 म्हणजे 1947 चा ऑक्टोबर ते 1948 चा ऑक्टोबर. जवळजवळ दहा वर्षांची तफावत, आणि सहा वर्षांच्या कब्जाचा हिशोब त्यातच बुडतो. ओळखायची खूण: महिना आजूर, तीर, अमर्दाद, मेहेर असला तर फसली, मोहरम, सफर, रजब असला तर हिजरी. महिनाच नसेल तर वरच्या मथळ्यात 'फसली' ची फे दिसते का बघा, बऱ्याचदा नुसतं ف एवढंच असतं.

माय_मराठी
मराठी चर्चेत उर्दू अक्षर. आता काय उरलं?

बालाघाटी
ते अक्षर कागदावर आहे. 'फ' लिहिला तर कागदावर शोधणार कसा?

पुणेकर_वाचक
एक शंका. पुस्तिकेत 'खासरा पत्रक' लिहिलंय, बरोबर शब्द 'खसरा' ना? आणि खसरा म्हणजे शेताचा क्रमांक. मग 'खसरा क्रमांक' असं म्हणायला हवं.

मांजराकाठ
उत्तरेत खसरा म्हणजे क्रमांक, खरंय. आपल्याकडे क्रमांकाला सर्व्हे नंबर म्हणतात आणि खासरा पत्रक म्हणजे त्या नंबरांचा अख्खा तक्ता. स्पेलिंगही दप्तरात 'खासरा' असंच रूढ आहे. 2023 ला कुणबी नोंदी शोधायच्या सरकारी यादीतही 'खासरा पत्रक' हेच नाव होतं. तुमचं शुद्धीकरण लागू केलं तर अर्जदार 'खसरा क्रमांकाची नक्कल' मागेल आणि बाबू म्हणेल, असं काही आमच्याकडे नसतं.

दस्तवाचक
क्रमांकाचा विषय निघालाच तर हेही घाला. खासऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर एक नाही. मधे जमिनींचं एकत्रीकरण झालंय. जुना नंबर थेट सातबाऱ्यात शोधला तर दुसऱ्याचंच शेत निघतं. आधी भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा काढायचा, त्यातून जुन्या नंबरचा नवा गट बघायचा, मग सातबारा. क्षेत्रही ताडून बघा: जुन्यात एकर-गुंठे, नव्यात हेक्टर-आर. एकराचे 40 गुंठे, आणि एक एकर म्हणजे 40.47 आर. गुंठा आणि आर जवळपास सारखे म्हणून 5 एकर 20 गुंठ्यांचे लोक बिनदिक्कत 5.20 हेक्टर करतात. ते 2 हेक्टर 22 आर होतात, थोडे वर.

तेरणाकाठ
आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) रकान्यातले रुपयेही हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या नाण्याचे, असू शकतात. 7 हाली म्हणजे 6 कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. सारा कमी-जास्त का दिसतो म्हणून लोक फेरफार शोधत बसतात, पण फरक नाण्याचा असतो. 'हाली' म्हणजे चालू, सध्याचा. म्हणूनच आपण 'हल्ली' म्हणतो.

पुणेकर_वाचक
'हल्ली' चं मूळ खरंच तेच? मला तो थेट मराठी वाटायचा.

तेरणाकाठ
अरबी हाल. हालहवाल मधला, हालत मधला, फिलहाल मधलाही.

माय_मराठी
मग 'हाल होणे' पण तिकडचंच? शिल्लक काय ठेवलंत आमच्यासाठी?

मांजराकाठ
शेत ठेवलंय. नांगर, वखर, तिफण, औत, सगळं तुमचं.

गोदाकाठ
मूळ मुद्द्यावर येऊ का? शिकमीदारसमोर शेवटी काय छापायचं: सहधारक, पोटहिस्सेदार की ते कंसवालं? वकिलांना उद्या मसुदा द्यायचाय. आणि नमुन्याचा फोटो मराठीत उतरवताना शेवटचा रकाना 'कैफियत' आहे, तिथे मी 'प्रतिवादीचे म्हणणे' दिलंय. चालेल ना?

बालाघाटी
थांबा, ते आधी काढा. कोर्टात दाव्यावर प्रतिवादी देतो ती कैफियत आणि उर्दू तक्त्यातला शेवटचा रकाना यांचा संबंध नाही. तक्त्यातली कैफियत म्हणजे शेरा. तिथे 'पडीत', 'वारस नोंद बाकी', 'ताबा अमक्याचा' असलं काही असतं. प्रतिवादीचे म्हणणे छापलं तर प्रत्येक शेतावर दावा चालू होता असं वाटेल.

पुणेकर_वाचक
पण कैफियत म्हणजे गावाचा इतिहासही ना? पेशवे दप्तरातल्या कैफियती?

तेरणाकाठ
हो, तोही अर्थ आहे. अरबी 'कैफ' म्हणजे 'कसं'. कसं आहे, काय स्थिती आहे, ती कैफियत. नशेचा 'कैफ' त्यातूनच आला असं म्हणतात.

माय_मराठी
शेरा तरी कुठला मराठी? शेरे-बिरे मारणं फारसीच असणार.

दस्तवाचक
शेरा, अभिप्राय, टिप्पणी, काहीही घ्या, पण पूर्ण पुस्तिकेत एकच ठेवा. पाहणी पत्रकाच्या पानावर शेरा आणि कूळ नोंदवहीच्या पानावर अभिप्राय दिला तर वाचणारा दोन वेगळे रकाने समजतो. आणि त्या रकान्यातला 'ताबा' नीट वाचा. पट्टेदाराच्या रकान्यात एक नाव आणि शेऱ्यात ताबा दुसऱ्याचा असेल, तर तो दुसरा शिकमीदार की असामी शिकमी हे त्या एका पानावरून ठरत नाही. लागोपाठच्या सालांची पानं काढा, त्याच नावापुढे खंड लिहिलाय का बघा, मग कूळ नोंदवही.

माय_मराठी
'ताबा' ऐवजी 'भोगवटा' लिहा, महसूल अधिनियमात तोच आहे.

मांजराकाठ
अधिनियमात भोगवटादार आहे, वर्ग 1 आणि वर्ग 2, आणि तो नुसता ताबेदार नव्हे. वर्ग 2 चं शेत परवानगीशिवाय विकता येत नाही, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पुणेकर_वाचक
काढाच. 38-ई ने मिळालेली जमीन कुठल्या वर्गात येते, तेही तिथे सांगा.