मदत हवी आहे: मातीच्या भिंतीला पुसता येईल असा गिलावा कोणता?

आरोग्य केंद्राचा आराखडा करतेय, आधार न्यू मेक्सिकोतल्या ताओस प्वेब्लोचा. तिथल्या आदिवासींची उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची बहुमजली घरं १९९२ पासून जागतिक वारसा आहेत. जाड भिंत दिवसाची उष्णता धरून रात्री हळूहळू सोडते. शिवाय हवेतला दमटपणा शोषते, हवा कोरडी झाली की परत देते. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. म्हणून सिमेंटचा गिलावा नकोच. ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत होते.

पण तपासणी खोलीच्या भिंती जंतुनाशकाने पुसाव्या लागणार. ऑइलपेंट लावला तर भिंतीचा श्वासच बंद. चुन्याचा घोटीव गिलावा रोजच्या पुसण्याला टिकतो का? की कमरेपर्यंत टाइल्स आणि वर माती? मग टाइल्समागे ओल साचेल का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.