धोका की जोखीम?

किनाऱ्यावरच्या वस्त्यांसाठी त्सुनामीचं एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. शीर्षक ठरवून आलंय : 'आपत्ती धोका न्यूनीकरण'. 'न्यूनीकरण' जड आहेच, पण मला 'धोका'ही खटकतो. 'जोखीम' लिहिलं तर चालेल का?

– 'जोखीम'च लिहा. धोका म्हणजे जे अंगावर येऊ शकतं ते : भूकंप, पूर, वादळ. जोखीम म्हणजे त्या धोक्यापुढे आपण काय काय ठेवलंय त्याचा हिशेब. घर कुठे बांधलं, कसं बांधलं, घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, इशारा वेळेत कानावर पडतो का. निर्जन वाळवंटात जमीन हादरली तर धोका तोच, पण आपत्ती नाही. भूकंप थांबवता येत नाही, जोखीम मात्र कमी करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या सेंडाई आराखड्याचा सगळा भर त्यावरच आहे. शिवाय विश्वासाने सांभाळायला दिलेल्या मौल्यवान चीजवस्तूलाही मराठीत 'जोखीम' म्हणत आले आहेत. 'धोक्याचं काम' आणि 'जोखमीचं काम' मोठ्याने म्हणून बघा. दुसऱ्यात जबाबदारी ऐकू येते.

– सहमत. शीर्षक सरळ 'आपत्तीची जोखीम कमी करूया' करा. 'निवारण' मात्र नको, त्यात संकट टळल्याची हमी डोकावते. आणि 'मॉक ड्रिल'ला 'रंगीत तालीम' हा नाटकवाल्यांचा शब्द वर्तमानपत्रांनी केव्हाच रुळवलाय, तो वापरा.

'जनजागृती'चं काय करू? मजकुरात सात वेळा आलाय.

– शक्य तिथे काढा. जागं करायचं ते कशासाठी, हे त्या शब्दात नाही. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर एक शब्द आहे, 'स्मोंग'. १९०७ च्या त्सुनामीत तिथे फार माणसं गेली. वाचलेल्यांनी पुढच्या पिढ्यांना गोष्टींतून, अंगाईंतून एवढंच शिकवलं : जमीन जोरात हादरली, समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळा. २००४ च्या डिसेंबरात 'स्मोंग! स्मोंग!' अशी हाक उठली आणि लोक चढावर धावले. भूकंपाचं केंद्र बेटाच्या अगदी जवळ होतं, तरी सुमारे ७८ हजार वस्तीत ७ जण दगावले. एका शब्दात लाटेचं नाव आणि त्यावर काय करायचं, दोन्ही. असा शब्द घोकून घ्यावा लागत नाही.

वाचताना अंगावर काटा आला. मग पहिली ओळ अशी करते : 'समुद्र मागे सरलेला दिसला की उंचावर पळा.'

– थोडी बदला. समुद्र दर वेळी आधी मागे हटतोच असं नाही, आणि तो बघायला थांबण्यातच मिनिटं जातात. 'जमीन जोरात किंवा बराच वेळ हादरली, तर हादरे थांबताच उंचावर जा. समुद्र बघायला, भोंगा ऐकायला थांबू नका.' 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' तेवढं खोडा. 'उंचावर' म्हटलं की पाय कुठे वळवायचे ते कळतं.