मदत हवी आहे: लघवीच्या तपासणीतून लिव्हरचा कॅन्सर कळतो का? बाबा सोनोग्राफीला तयार नाहीत

मंडळी, ऑफिसातून लपून लिहितेय, चुका पोटात घाला.

बाबा ६१ वर्षांचे, राहणार लालबाग. २००९ साली मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून बोलावणं आलं: हिपॅटायटिस बी. तेव्हापासून लिव्हरच्या कॅन्सरवर नजर म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी या प्रोटीनची रक्ततपासणी, शिवाय गेली काही वर्षं रोज एक गोळी. सोनोग्राफीच्या दिवशी घरात महाभारत. उपाशीपोटी जायचं, तीन तास बाकड्यावर बसायचं आणि शेवटी ‘गॅस आहे, सगळं लिव्हर दिसलं नाही’ ऐकून घरी. मेमधली हुकली, आता म्हणतात गणपतीनंतर बघू.

त्यात आत्याने ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, लघवीतल्या प्रोटीनवरून लिव्हरचा कॅन्सर आधीच ओळखता येतो. बाबांना आयतंच मिळालं. ‘बाटली भरून देतो, ते गार जेल नको.’

अजून एक. त्यांना शुगर आहे. गेल्या महिन्यात लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये ‘प्रोटीन दोन प्लस’ आलं. फॉरवर्ड वाचल्यापासून आई तो कागद घेऊन रडतेय.

मुंबईत अशी टेस्ट होते का? आणि ते दोन प्लस म्हणजे नक्की काय?

पॅथॉलॉजीवाला
ताई, आधी आईंना शांत करा. त्या दोन प्लसवरून कॅन्सर ठरत नाही. लघवीत बुडवायच्या पट्टीवर रंग बदलतो तो मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या नेहमीच्या प्रोटीनमुळे. संशोधक शोधतात ती प्रोटीनं निराळी, अगदी किंचित, पट्टीला न दिसणारी.

अडचण कुठे आहे बघा. निरोगी माणसाच्याही लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रोटीन जातं, आणि त्यात सर्वांत जास्त असतं ते युरोमोड्युलिन, जे किडनी स्वतःच बनवते. त्या गर्दीत लिव्हरची खूण शोधणं म्हणजे संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर आपला माणूस हुडकणं. एएफपीसारखं मोठं प्रोटीन तर धडधाकट किडनीच्या गाळणीतून जेमतेमच उतरतं. शुगरने गाळणी ढिली झाली की नको ते सगळं झिरपतं. म्हणजे बाबांसारख्यांच्या बाबतीतच निकाल लावणं सगळ्यात कठीण.

संशोधन चालू आहे, प्रोटीनवर आणि लघवीत उतरणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरही. पण सोनोग्राफीच्या जागी वापरावी अशी लघवीची टेस्ट आज नाही. कोणी पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.

टवाळ_कार्टा_गिरगाव
लघवीचा धागा आहे, शिवाम्बूवाले पोचायच्या आत वाचनमात्र करा :)

परळची वारी
टवाळ, गप रे.

ताई, काकांच्या पायी परळच्या इस्पितळांत सहा वर्षं काढली आहेत म्हणून विचारते, बाबांची गोळी टेनोफोव्हिर का? असेल तर पुढचा शब्द वाचा. डायसोप्रॉक्सिल असेल तर ती काही जणांच्या किडनीला त्रास देते आणि लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं. काकांची गोळी त्यामुळेच बदलली. शुगरमुळेही जात असेल, ते डॉक्टर ठरवतील. मात्र गोळी मनाने बंद करू नका, व्हायरस उसळतो आणि लिव्हर बसू शकतं.

‘सगळं लिव्हर दिसलं नाही’ हे लिव्हरच्या डॉक्टरांच्या कानावर घातलंत का? नीट दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय करायला सांगतात. एएफपी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, लहान गाठ असताना ते बऱ्याचदा वाढत नाही. आणि ‘सिरोसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) नाही ना, मग झालं’ असंही नसतं. हिपॅटायटिस बी असलेल्यांना त्याशिवायही कॅन्सर होऊ शकतो.

तुम्हा भावंडांची तपासणी झाली आहे ना? आईंची?

धागाकर्ती
स्ट्रिप पाहिली. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल, ३०० मिलिग्रॅम. दोन प्लसचा रिपोर्ट शुगरच्या डॉक्टरांनी मागवला होता, लिव्हरच्या डॉक्टरांनी तो बघितलेलाच नाही. आमच्याकडे दोघांच्या फायली दोन वेगळ्या पिशव्यांत असतात, एक कपाटात, एक पलंगाखाली.

शनिवारची वेळ मिळाली, दोन्ही पिशव्या नेतेय. आईची आणि माझी तपासणी तेव्हाच झाली, लसही घेतली. भाऊ तेव्हा पुण्यात होता, तो राहिला तो राहिलाच. उद्या त्याचं रक्त तपासायला देतोय.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, ‘म्हणजे आता बाटली पण आणि जेल पण?’