विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या?

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी सोसायटीच्या भिंतीवर काळपट साप, अंगावर पांढरे पट्टे. पुस्तकात दोन्ही सारखेच वाटतात. फोटो लांबूनच काढलाय.

> पट्टे मोजत बसू नका, ते कुठून सुरू होतात बघा. कवड्याचे मानेपासून ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारचे उलट, बहुधा जोडीजोडीने. फोटो झूम करा: पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे, षटकोनी असतील तर मण्यारच.

> भर घालतो, मण्यारच्या पिल्लाचे पट्टे मानेपासूनही असतात. तिथे खवलेच बघावेत. भिंत चढलाय म्हणजे बहुतेक कवड्या, पण एवढ्यावर हात लावू नका राव! मण्यार जहाल विषारी, पण तिचा दंश फारसा दुखतही नाही. सर्पमित्र येईपर्यंत लांबून नजर ठेवा.

> शेपटीखालचे खवले? मण्यारचे अखंड, कवड्याचे दुभागलेले. मेलेल्या सापावरच तपासायचं, तेही काठीने.