मेटल म्हणजे गोंगाट? ख्याल ऐकणाऱ्यांसाठी दीड तासाचं श्रवणसत्र कसं बांधावं

सुरांचा_हिशेब

मंडळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत दीड तासाचं श्रवणसत्र करायचं आहे, विषय हेवी मेटल. समोर पंचवीस-तीस जण असतील. बहुतेकांचे कान ख्याल-ठुमरीवर तयार झालेले आहेत. आक्षेप आत्तापासूनच सुरू झालेत: सगळं एकसारखंच वाजतं, गाणं नसून ओरडणं असतं, गिटार फाटकी वाजते, आणि हे सैतानाचं संगीत आहे. "आवडून घ्या" असं मला कुणालाच म्हणायचं नाही. हे आक्षेप कुठे खरे आणि कुठे खोटे, ते तिथल्या तिथे ऐकवून दाखवायचं आहे. काय लावू, कोणत्या क्रमाने लावू आणि काय समजावून सांगू? खोलीत दोन बरे स्पीकर आहेत, आणि गिटार वाजवणारा एक मुलगा यायला तयार आहे.

---

खर्ज_आणि_फझ

गिटारवाला मुलगा येतोय म्हणजे निम्मं काम झालं. "फाटकी वाजते" या आक्षेपापासून सुरुवात करा. त्याचं उत्तर समोरच्यांना आधीपासून माहीत आहे, फक्त ते आपल्याला माहीत आहे याची त्यांना कल्पना नाही.

मेटलमधली गिटार बहुतेक वेळ पॉवर कॉर्ड वाजवते, म्हणजे षड्ज आणि पंचम. गंधार मुद्दाम गाळलेला असतो. डिस्टॉर्शनमध्ये आवाजाच्या लहरीचे माथे कापले जातात. दोन सूर एकत्र कापले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर आपोआप तयार होतात. सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झची, तिचा पंचम १२३.५. वजाबाकी ४१, म्हणजे तोच षड्ज एक सप्तक खाली. दोन सूर वाजवले आणि खालचा खर्ज फुकटात मिळाला. मेटलचा "भार" येतो तो इथूनच.

आता यात शुद्ध गंधार घाला, १०३.८ हर्ट्झ. गंधार वजा षड्ज २१.४, पंचम वजा गंधार १९.६. गंधार नैसर्गिक असता तर हे दोन्ही आकडे एकच आले असते. पडद्यांवर बसवलेला गंधार चढा असतो. हार्मोनियमच्या गंधाराबद्दल गवयांची जी जुनी तक्रार आहे, तीच ही. हे फरकाचे सूर खुद्द कानाला जेमतेम ऐकू येतात, पण असेच न जुळणारे सूर वरच्या पट्टीतही उठतात आणि सगळा चिखल होतो.

त्या मुलाला तीन गोष्टी वाजवायला सांगा. आधी स्वच्छ आवाजात सा-ग-प, गोड लागेल. मग डिस्टॉर्शन लावून तेच, चिखल होईल. मग गंधार काढून सा-प, आवाज भिंतीसारखा उभा राहील. दोन मिनिटांचं काम आहे. तंबोऱ्याच्या पंचमाची आठवण लोक स्वतःच काढतील, तुम्ही काढू नका.

अँपवर गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) दहापैकी पाच-सहाच्या वर नको. नवशिके बास आणि ट्रेबल दहावर नेतात, मिड (मधली पट्टी) शून्यावर ठेवतात. खोलीत एकट्याने वाजवताना ते झकास वाटतं, पण ड्रम आणि बास गिटार सोबत आले की गिटार गायब होते, कारण तिची खरी जागा मिडमध्येच आहे. मिड निदान पाचवर ठेवा. गेन जास्त झाला तर प्रत्येक आघाताची धार बोथट होते आणि जलद जागा एकमेकींत मिसळतात. "सगळं एकसारखं" या तक्रारीचं एक कारण वाईट अँप सेटिंग हेही असतं, हे मान्य करायला हरकत नाही.

---

डबलबेस_२१०

एकसारखेपणाच्या आक्षेपाला घड्याळ लावा. डूम मेटल हा संथ, जड प्रकार आणि त्याहून संथ फ्युनरल डूम ४० ते ७० ठोके मिनिटाला अशा चालीत चालतं. डेथ मेटल या जलद, गुरगुरत्या प्रकारातला ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा अखंड जलद मारा, २०० च्या लयीत चौपट वाजला तर सेकंदाला १३ आघात. लांबी बघायची तर नेपाम डेथच्या १९८७ च्या 'स्कम'मध्ये सव्वा सेकंदाच्या आसपास संपणारं गाणं आहे, आणि स्लीपचं 'डोपस्मोकर' एकच रचना म्हणून ६३ मिनिटं चालतं. अतिविलंबित ते अतिद्रुत एवढा पल्ला एकाच नावाखाली असलेलं दुसरं लोकप्रिय संगीत शोधून दाखवा.

तालाची माणसं असतील तर मशुगा लावाच, स्वीडनचा बँड. पहिल्यांदा ऐकताना ताल चुकलाय असं वाटतं. हिशोब असा: ड्रमरचा उजवा हात झांजेवर सरळ चार-चारचं आवर्तन धरून असतो, आणि गिटार व पायाचे ड्रम वेगळ्याच लांबीचा आकृतिबंध फिरवतात. समजा तो २३ सोळांशांचा आहे (चार मात्रांच्या एका आवर्तनात असे १६ असतात). पाच वेळा वाजला की ११५ होतात. आठ आवर्तनांचे १२८, उरले १३. तेवढाच तुकडा कापून लावतात आणि सगळे समेवर. श्रोत्यांना झांजेवर टाळी धरायला सांगा, गिटारवर नाही. गिटारवर धरली की तिसऱ्या मिनिटाला खोलीतले सगळे हरवतात. सम आली की मान आपोआप हलेल.

---

कंठस्थ

गायकीबद्दल. आधी हे सांगा की मेटलचा मोठा भाग खुल्या, सुरेल गळ्याने गायला जातो. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन, जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड, डिओ. नाइटविशची पहिली गायिका टार्या ऑपेराच्या तालमीतली. ओपेथचा २००३ चा 'डॅमनेशन' आख्खा अल्बम गुरगुरीशिवाय आहे, ध्वनीही मऊ. आणि गाणारा पुरुषच असतो हाही गैरसमजच. आर्च एनेमीत अँजेला गॉसो आली आणि तिची गुरगुर ऐकून कित्येकांना ती बाई आहे हे कळलंच नाही.

आता गुरगुर म्हणजे ग्राउल. आपल्या खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी एक जोडी असते, तिला आभासी स्वरपट्ट्या म्हणतात. ग्राउलमध्ये त्या जवळ आणून कंप पावू देतात. रशियातल्या तुवा प्रांतातल्या कारगिरा या कंठगायनातही त्याच वापरतात, म्हणून दोन मिनिटं कारगिरा लावून लगेच ग्राउल लावा, नातं ऐकू येईल. जोर पोटाच्या श्वासाचा असतो, गळा आवळायचा नसतो. खरा आवाज वाटतो तितका मोठा नसतोही, बरंचसं काम माइक करतो. नवखे ओरडून तो परिणाम आणायला जातात आणि आवाज बसतो. गाताना दुखलं किंवा खोकला आला की तिथेच थांबायचं असतं. तेव्हा "ओरडणं" हा शब्द नवशिक्यांना लागू पडतो, जाणकारांना नाही.

शब्द कळत नाहीत ही तक्रार मात्र रास्त आहे. एका कागदावर गाण्याचा विषय दोन ओळींत लिहून वाटा.

---

तीव्र_मध्यम

सैतानाचा मुद्दा टाळू नका आणि गोंजारूही नका.

मुळाशी जा. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातला ब्लॅक सबाथ हा बँड, पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवारी. त्याच्या आरंभीचे तीन सूर असे: सा, वरचा सा, तीव्र मध्यम. बस. या अंतराला ट्रायटोन म्हणतात. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही लोणकढी थाप आहे, तशी आज्ञा कुठे सापडत नाही. "संगीतातला सैतान" हे टोपणनाव १८ व्या शतकातल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत दिसतं, तेही विद्यार्थ्यांनी स्वररचनेत हे अंतर टाळावं म्हणून. यमन गाणाऱ्यांच्या सभेत तीव्र मध्यमाला सैतान म्हणून बघाच एकदा.

याच बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. कारखान्यात पत्रा कापण्याच्या यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून काही गाण्यांत पट्टी दीड स्वर उतरवली, म्हणजे तारा सैल आणि दाबायला सोप्या. आवाज जो गडद झाला त्यामागे पूजापाठ नाही, अपघात आहे.

दोन बोटांची शिंगं करण्याची खूण डिओने लोकप्रिय केली. त्याच्या इटालियन आजीची ती दृष्ट काढायची खूण. आपल्याकडे मीठमोहऱ्या, तिकडे बोटं.

१९८५ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे गाण्यांवर सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरच्या ज्या गाण्यात विकृती असल्याचा आरोप होता, ते गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेवर आहे असं त्या बँडचा गायक डी स्नायडर याने तिथेच सांगितलं. १९९० मध्ये अमेरिकेतच रीनो इथे जुडास प्रीस्टवर छुप्या संदेशांचा खटला चालला. निकाल बँडच्या बाजूने लागला. स्ट्रायपरसारखे उघड ख्रिस्तभक्त मेटल बँड तेव्हाही होतेच.

पण नॉर्वेत १९९२ पासून चर्च जाळली गेली, फानटॉफ्टचं लाकडी चर्च त्यात गेलं आणि १९९३ मध्ये खूनही झाला, हेही सांगा. ते खरं आहे आणि करणारे ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका उपप्रकाराच्या छोट्या टोळक्यातले होते. झाकून ठेवलंत तर कोणीतरी मोबाइलवर शोधून तुम्हालाच विचारेल.

---

पुणेरी_वॉल्व्ह

वरचं सगळं ठीक, पण मुळाशी जायचं तर सुरुवात लेड झेपलिनपासून करा ना. त्यांना वगळून मेटल कसं समजणार?

---

खर्ज_आणि_फझ

@पुणेरी_वॉल्व्ह झेपलिनचा पाया ब्लूज आहे आणि लय झुलती. ते बाजूला ठेवल्यावर मेटल कुठे सुरू होतं तेच तर दाखवायचंय. दीड तासात वंशावळ नको. वाटल्यास तीस सेकंद लावा, फरक ऐकवण्यापुरते.

---

डबलबेस_२१०

क्रम सुचवतो. आधी गिटारचं प्रात्यक्षिक. मग ब्लॅक सबाथ (तीव्र मध्यम), आयर्न मेडन (दोन गिटारी एकत्र, सा-गसारख्या अंतराने), ओपेथची शांत बाजू, मग डूम, मग कारगिरा आणि ग्राउलची जोडी, मशुगा, आणि शेवटी आपल्याकडचं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा 'दशावतार' अल्बम विष्णूच्या अवतारांवर आहे. सिंगापूरचा रुद्र हा १९९२ मध्ये सुरू झालेला बँड वेदान्तावर डेथ मेटल करतो. सैतानाचा प्रश्न विचारणाऱ्याला हे दोन ऐकवले की वेगळं उत्तर द्यावं लागत नाही.

ब्लास्ट बीट पहिल्या अर्ध्या तासात लावू नका. कान तयार नसताना तो नुसता पाऊस वाटतो. आणि कोणतंही गाणं दोन-तीन मिनिटांवर कापू नका. डूममध्ये तेवढ्यात आलापही संपत नाही.

---

सुरांचा_हिशेब

क्रम पक्का करतो, आभार. आवाज किती ठेवू? स्पीकरना सहा इंची बास आहे. ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचे.

---

कंठस्थ

७५ ते ८० डेसिबल पुष्कळ झाले, मोबाइलच्या मापकावर श्रोत्यांच्या खुर्चीतून बघा. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटंच. जोर लावल्याशिवाय मेटल कळत नाही हाही गैरसमजच. लहान ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. त्यात खालचा सूर येत नाही, उरतो झांजांचा पत्रा, आणि पहिला आक्षेप खरा ठरतो. जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांच्या मोठेपणात बराच फरक असतो, तेव्हा ॲपमधलं आवाज सारखा करण्याचं सेटिंग चालू ठेवा. नाहीतर १९७० नंतर एकदम २००८ लावलंत की लोक दचकतील.

---

खर्ज_आणि_फझ

आणि त्या मुलाला हमबकर पिकअपची (तारांचा आवाज उचलणारं, घरघर मारणारं दोन कॉइलचं साधन) गिटार आणायला सांगा. सिंगल कॉइल असेल तर विजेची ५० हर्ट्झची घरघर गेनमधून दसपट होऊन येते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक असेल तर त्यापासून गिटार लांब धरायची. अँप अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटवरच लावा. तिसरी पिन काढलेला अ‍ॅडॉप्टर दिला तर तो परत करा.