टाळेबंदी, संचारबंदी, जमावबंदी : मुंबईच्या रस्त्यांच्या संदर्भात

‘लॉकडाउन’साठी ‘टाळेबंदी’ हा शब्द २०२० पासून इतका रुळला आहे, की गिरणगावात त्याचा अर्थ निराळा होता, हे सहसा लक्षात येत नाही. मालकाने कारखान्याचे दरवाजे कामगारांना बंद करणे, म्हणजे ‘लॉकआउट’, हा त्याचा औद्योगिक कायद्यातला अर्थ आजही कायम आहे. (‘ताळेबंद’ म्हणजे मालमत्ता आणि देणी यांचे पत्रक, त्याच्याशी गल्लत करू नये.)

‘जमावबंदी’ माणसांच्या एकत्र येण्यावर असते, ‘संचारबंदी’ येण्याजाण्यावर. महाराष्ट्रात २२ मार्च २०२० रोजी नागरी भागांत कलम १४४ खाली जमावबंदी जाहीर झाली, २३ तारखेला राज्यभर संचारबंदी आली आणि २५ तारखेपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिवशी गुढीपाडवा होता आणि गिरगावची शोभायात्रा निघाली नाही.

रस्त्याचे वर्णन करताना ‘संचारबंदी’ हाच शब्द वापरावा, असे माझे ठाम मत आहे. टाळे लावायला दार लागते. पदपथावर टोपली मांडणाऱ्या बाईला किंवा सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुराला ते नव्हतेच. त्यांचा धंदा आणि रोजगार रहदारीवर चालतो. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा डबेवाल्यांचे काम थांबले आणि दादर स्थानकाबाहेरच्या विक्रेत्यांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. वाण्याच्या दुकानासमोर खडूने किंवा रंगाने आखलेली वर्तुळे, दारात आडवी बांधलेली दोरी आणि तिच्यापलीकडून पुढे केलेली पिशवी, एवढाच बाजार पुष्कळ वस्त्यांत उरला होता.

‘फेरीवाला’ या शब्दाचेही या काळात काही झाले, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. फेरी मारून माल विकतो तो फेरीवाला. मात्र मुंबईत ठरावीक जागी बसणाऱ्यालाही आपण वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो आहोत. बाजार बंद पडल्यावर भाजीच्या हातगाड्या गल्लोगल्ली आणि सोसायट्यांच्या फाटकांपर्यंत येऊ लागल्या, म्हणजे शब्दाचा जुना अर्थ नाइलाजाने पुन्हा खरा झाला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा या शब्दामागे ‘अधिकृत’ हे विशेषण लागले, आणि त्याच रस्त्यावर त्याच काळात उपाशी राहिलेला, परवाना नसलेला विक्रेता त्या एका विशेषणामुळे मदतीच्या बाहेर राहिला.